सासूबाईंचा ज्वालामुखी

हमरस्त्यावरून समुद्राकडे येताना पॅनकेकच्या दुकानाशेजारी जो तीन मजली ज्वालामुखी दिसतो, तो मी एक केक वीतभर सरकवल्यामुळे झाला. मी तो केक होता तिथेच राहू दिला असता, तर आज त्या जागी एक साधा टोकदार डोंगर उभा असता आणि आमच्या मोठ्या डुकरिणीचा दात शाबूत असता. पण मी केक सरकवला.

आधी धंद्याचं सांगतो. मी डोंगर बांधतो. (असं सांगितलं की लोक एकदा माझ्याकडे बघतात आणि एकदा माझ्या दंडांकडे. मग विषय बदलतात.) आमच्या मर्टल बीच गावाला समुद्राकाठानं नुसती मिनी गोल्फची मैदानं आहेत आणि प्रत्येक मैदानाला एक डोंगर लागतो. एकाच्या डोंगरात चाचे असतात, दुसऱ्याच्या डोंगरात डायनोसॉर, तिसऱ्याच्या डोंगरातून निळं पाणी पडतं. सळयांचा सांगाडा करायचा, त्यावर जाळी बांधायची, नळीनं काँक्रीट फवारायचं आणि ते घट्ट व्हायच्या आत थापीनं कोरून त्याचा खडक करायचा. कोरायचं काम माझं.

अडचण एकच. आमच्या अख्ख्या परगण्यात दगड नाही. वाळू आहे, दलदल आहे, पाइनची झाडं आहेत. पण मुलानं कुत्र्याला मारायचं म्हटलं तर त्याला पाइनचं बोंड शोधावं लागतं. डोंगर तर मी जन्मात पाहिलेला नाही. भूगोलाच्या पुस्तकात डोंगरांचा धडा शेवटी होता आणि मी शाळा त्याच्या आधीच सोडली. मी डोंगर शिकलो ते माझा मालक बक याच्या डोंगरांवरून, बक शिकला तो त्याच्या मालकाच्या डोंगरांवरून. त्यामुळे आमच्या गावातले सगळे डोंगर एका आईच्या पोरांसारखे दिसतात. नाक सगळ्यांचं सारखंच.

तर पॅनकेकवाले मिस्टर लाम्ब्रोस यांना ज्वालामुखी हवा होता. ईस्टरच्या आधी मैदान उघडायचं होतं. बक मला म्हणाला, "डेल्मर, या खेपेला मॉडेल तू कर."

मॉडेल म्हणजे ताटाएवढा छोटा डोंगर. तो गिऱ्हाइकाला दाखवायचा. त्यानं मान डोलावली की सळईवाले तोच डोंगर मापून मोठा करतात. मॉडेलवर जिथे बोटाचा ठसा, तिथे खऱ्या डोंगरावर खड्डा. म्हणून मॉडेल करायला हात लागतो, आणि माझ्या हाताला ते पहिल्यांदाच मिळालं होतं. मी वर्तमानपत्रांचे बोळे, चंदेरी कागद आणि प्लास्टर घेऊन एक ज्वालामुखी केला. वर टोक काढलं, तपकिरी रंग दिला. पण फेब्रुवारीची ओल होती, प्लास्टर वाळेना. वर्कशॉपमध्ये ठेवलं तर तडकलं असतं. मी ते फळीसकट घरी नेलं.

घर म्हणजे सासऱ्यांचं. मी आणि माझी बायको टॅबी त्यांच्या मागच्या खोलीत राहतो. लग्न झालं तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, "देव तुझं भलं करो, बाळा." (आमच्याकडच्या बायका असं म्हणाल्या की तुमच्या अकलेचा निकाल लागला असं समजावं. वर अपील नसतं.)

सासूबाईंचं नाव मिस अर्लीन (आमच्याकडे लग्न झालेल्या बाईलाही मानानं मिसच म्हणतात), आणि मिस अर्लीन म्हणजे थरांचा केक. पोळीसारखे पातळ थर, एकावर एक, प्रत्येक दोन थरांमध्ये उकळत्या चॉकलेटचा लेप. टोपीच्या खोक्याएवढा उंच, आणि ओळंबा लावून बघावा इतका सरळ. चर्चमध्ये कुणाचा संसार ढळला, कुणाचं छप्पर ढळलं, पण मिस अर्लीनचा केक कधी ढळला नाही. रविवारी जेवणानंतर त्या स्वतः केक कापतात, आणि त्यांच्या मनात तुमची किंमत काय ते तुमच्या तुकड्याच्या जाडीवरून कळतं. टॅबीला जाड. सासऱ्यांना त्या आठवड्यात ते कसे वागले त्याप्रमाणे. माझा तुकडा बशीत उभा राहत नसे. पण हल्ली हल्ली तो जरा अंग धरू लागला होता. गेल्या रविवारी तर तो काही क्षण उभा राहिला आणि मग पडला. टॅबीनं टेबलाखालून माझा पाय दाबला.

त्या संध्याकाळी मी मॉडेल घेऊन स्वयंपाकघरात शिरलो तेव्हा तिथे कुणी नव्हतं. खोली गरम करायची गॅसची शेगडी भिंतीशी लालबुंद पेटलेली. टेबलावर, लाकडी फळीवर केक. दुसऱ्या दिवशी आगीच्या बंबवाल्यांच्या मदतीसाठी केकचा लिलाव होता, त्याचा तो केक. सासूबाई पलीकडच्या खोलीत बहिणीशी फोनवर बोलत होत्या. मला टेबलावर माझी फळी ठेवायला जागा हवी होती. मी केक हळूच शेगडीच्या बाजूला सरकवला. वीतभर. फार काळजीनं सरकवला. मग मॉडेल ठेवलं, वर चंदेरी कागद झाकला आणि आंघोळीला गेलो.

परत आलो तर टेबल मोकळं.

"केक कुठे गेला?" मी टॅबीला विचारलं.

"आईनं आत ठेवला असेल. तुझं ते धुळीचं गाठोडं तिनं मागच्या पडवीत ठेवलंय. म्हणाली, अन्नाच्या टेबलावर सिमेंट नको."

"प्लास्टर आहे ते."

"जा, तिला समजावून सांग."

मी झोपायला गेलो.

सकाळी उजाडता उजाडता बकनं दारात हॉर्न मारला. मी पडवीत गेलो. टेबलावर चंदेरी कागदाखाली झाकलेली वस्तू होती, मी उचलली आणि ट्रकमध्ये मांडीवर घेऊन बसलो. (दुसऱ्या टोकाला, बाटल्यांच्या मागे, चंदेरी कागदाखाली अजून एक वस्तू होती हे मला पुढे कळलं. आयुष्यातल्या बऱ्याच गोष्टी मला पुढेच कळतात.) उचलताना थोडं जड लागलं. ओल धरली असेल, असं वाटलं.

मैदानावर मिस्टर लाम्ब्रोस डगल्यात हात खुपसून उभे होते. शेजारी सळईवाल्यांचा मुकादम एफ्राइन कॉफी पीत होता. बकनं फळी एका पिंपावर ठेवली आणि जादूगारासारखा कागद उचलला.

तो सासूबाईंचा केक होता.

पण कसा! सगळे थर एका बाजूला घसरले होते. मधला भाग खचून खोल खड्डा पडला होता. काठावरून चॉकलेट ओघळून, थरांच्या कडांवरून उतरत, खाली येऊन गोठलं होतं. मला वाटलं, ट्रकच्या हादऱ्यानं झालं. मिस अर्लीनचा लिलावाचा केक मी चोरला आणि वर पाडलाही. मी कागद परत झाकायला हात पुढे केला, पण कागद बकच्या हातात होता.

मिस्टर लाम्ब्रोस वाकले. एकदा पिंपाभोवती फिरले. मग त्यांनी डोक्यावरची टोपी काढली.

"बक," ते म्हणाले, "पन्नास वर्षांपूर्वी माझ्या बापानं मला आमच्या बेटावरचा ज्वालामुखी दाखवला होता. हा तोच आहे."

बक केककडे बघत होता. त्यानं एक बोट लावलं आणि ते बोट तोंडात घातलं.

"हा केक आहे," तो हळूच मला म्हणाला.

"अं," मी म्हणालो.

"केक आहे?" मिस्टर लाम्ब्रोसनी ते ऐकलं. "खाण्याचा?"

मला वाटलं, आता संपलं. पण मिस्टर लाम्ब्रोसच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी आयुष्यभर पॅनकेक विकले. थरावर थर. आणि या पोरानं माझ्यासाठी थरांचा डोंगर केला! कुणी केला हा? तू?"

"नाही म्हणजे..." मी म्हणालो.

"यानंच," बक म्हणाला आणि माझ्या पाठीत थाप मारली. "फार विचार करतो आमचा डेल्मर. गिऱ्हाइकाचं मन ओळखतो. बोलत नाही, पण आत सगळं चालू असतं."

आत खरंच बरंच काही चालू होतं.

"एकही थर बदलायचा नाही," मिस्टर लाम्ब्रोस म्हणाले. "हा ओघळ असाच. हा कल असाच. जसाच्या तसा मोठा करा."

एफ्राइननं टेप काढला आणि मापं घ्यायला सुरुवात केली. इंचाला चार फूट.

संध्याकाळी घरी गेलो ते मनात वाक्य पाठ करत: मिस अर्लीन, केक मी नेला, चुकून नेला, माफ करा. घरात सामसूम होती. स्वयंपाकघर थंड. सासरे, मिस्टर होरेस, मला बाहेर औजारांच्या छपरीमागे घेऊन गेले.

"डेल्मर, तुला म्हणून सांगतो. टॅबीलासुद्धा बोलू नकोस. अर्लीनचा केक कोसळला."

"कोसळला? कधी?"

"काल संध्याकाळी. फोन ठेवून आली आणि बघते तर हा असा. शेगडीला टेकलेला. म्हणते, मीच तिथे ठेवला असणार, आता हात भरवशाचे राहिले नाहीत. चाळीस वर्षांत पहिल्यांदा."

मी छपरीचा खांब धरला.

"कुणाच्या नजरेला पडायच्या आत डुकरांना घालून ये म्हणाली. सकाळी पडवीत गेलो, कागदाखालचं उचललं आणि कुंपणावरून उलटं केलं. चष्मा नव्हता, पण डुकरं जेवताना चष्मा कशाला?"

"मग?" मला पुढचं कळायला लागलं होतं.

"मग काय? खाल्लं नाही त्यांनी."

"आणि हे तुम्ही मिस अर्लीनना सांगितलंत?"

"तिनं विचारलं. मला खोटं बोलता येत नाही."

"नुसतं 'नाही खाल्लं' म्हणालात ना?"

"म्हणालो, मोठ्या डुकरिणीनं एक घास घेऊन बघितला. आणि तिचा दात पडला."

सासरे बुटाच्या टोकानं माती उकरत उभे राहिले. घरात दिवा लागला, विझला.

"नंतर ती उठली," ते म्हणाले. "केक भाजायचे पत्रे पुसून माळ्यावर टाकून आली."

पाठ केलेलं वाक्य तिथेच संपलं. कारण आता खरं सांगायचं तर ते असं होतं: मिस अर्लीन, डुकरांनी तुमचा केक नाकारला नाही, माझं मॉडेल नाकारलं. तुमचा केक फार छान झाला होता, मुकादमानं तुकडा मोडून खाल्ला. कुणाच्या नजरेला पडू नये असं तुम्हाला वाटत होतं ना? तर तो आम्ही हमरस्त्याच्या कडेला तीन मजली उंच बांधतोय.

मी रात्री जेवलो आणि झोपायला गेलो.

लिलावात त्या वर्षी मिस व्हर्नेलच्या नारळाच्या केकला पहिला मान मिळाला. मिस व्हर्नेल चाळीस वर्षं दुसरी होती. रविवारी तिनं चर्चच्या पायऱ्यांवर सासूबाईंना मिठी मारली. "अर्लीन, तब्येतीला जप गं. वय होतंच माणसाचं." त्या दुपारी आमच्या टेबलावर जेवणानंतर दुकानातली बिस्किटं आली. सासऱ्यांनी एक बिस्कीट हातात घेऊन दोन्ही बाजूंनी बघितलं आणि परत ठेवलं. टॅबी रात्री मला म्हणाली, "आई पुन्हा केक करणार नाही म्हणते. कधीच नाही. काय झालंय ते कुणी सांगतही नाही. तुला काही माहीत आहे?"

"मला काय माहीत असणार?" मी म्हणालो. टॅबीचा माझ्यावर लगेच विश्वास बसला, आणि मला जास्तच वाईट वाटलं.

मी ठरवलं, केकबद्दल बोलता येत नाही तर निदान डोंगर तरी बदलावा. काँक्रीट माझ्या हातात होतं. कल थोडा सरळ केला, थर थोडे बुजवले, तर निदान तो ओळखू येणार नाही. पण मिस्टर लाम्ब्रोस रोज सकाळी पॅनकेकचं दुकान उघडून झालं की मचाणाखाली येऊन उभे राहत. पिंपावर केक होता. रात्री रॅकून या चोरट्या जनावरांनी खाऊ नये म्हणून बकनं त्याच्यावर खेकडे पकडायचा पिंजरा उलटा घातला होता. थंडीवाऱ्यात केक असा कडक झाला होता की आता तो माझ्या मॉडेलपेक्षा चांगलं मॉडेल होता.

"डेल्मर! तो थर कुठे गेला?"

"कुठला, मिस्टर लाम्ब्रोस?"

"खालून पाचवा. तू बुजवलास! आणि ओघळ डावीकडे वळतो, तू उजवीकडे वळवलास! स्वतःची कला अशी का मारतोस, पोरा?"

मी तो थर परत कोरला. ओघळ डावीकडे वळवला. सासूबाई डावखुऱ्या आहेत, त्यांची सुरी तशीच फिरते. एवढी वर्षं त्यांच्या टेबलावर बसून मी कधी ते पाहिलं नव्हतं. आता मचाणावर लोंबकळत मी त्यांच्या हाताचं एकेक वळण थापीनं गिरवत होतो. खरं सांगायचं तर त्या डोंगरावर मी जितकं शिकलो तितकं बकच्या सगळ्या डोंगरांवर मिळून शिकलो नव्हतो.

उत्तरेच्या अंगाला एक गुहा होती. एफ्राइननं पहिल्याच दिवशी तिथून एक तुकडा मोडून खाल्ला होता आणि मग मापं घेतली होती. दुसऱ्या दिवशी त्यानं थोडं वरून मोडला. म्हणून डोंगराला दोन गुहा झाल्या. पिंजरा त्यानंतर आला. मिस्टर लाम्ब्रोसना गुहा फार आवडल्या. खालच्या गुहेतून त्यांनी सातव्या खड्ड्याकडे चेंडू जायचं भुयार काढलं.

रंग द्यायची वेळ आली तेव्हा बक म्हणाला, "कुठला तपकिरी?" मिस्टर लाम्ब्रोसनी पिंजऱ्याकडे बोट दाखवलं. झालं.

ईस्टरच्या आदल्या शनिवारी मैदान उघडलं. पहिला खेळ फुकट होता, त्यामुळे अर्धं चर्च आलं. सासूबाई येत नव्हत्या. टॅबीनं त्यांना जवळजवळ ओढून आणलं. "आई, डेल्मरचा पहिला स्वतःचा डोंगर आहे गं. निदान माझ्यासाठी." त्या ईस्टरची हॅट घालून, पर्स पोटाशी धरून सगळ्यांच्या मागे उभ्या राहिल्या. मी एका काँक्रीटच्या ताडाच्या झाडामागे उभा राहिलो.

मिस्टर लाम्ब्रोस हातात माइक घेऊन डोंगरापुढे आले.

"मंडळी! हा डोंगर तुम्हाला वेगळा वाटतो? वाटणारच! कारण हा आधी केक होता!"

लोक हसले.

"हसू नका! या पोरानं माझ्यासाठी स्वतःच्या हातानं केक केला, तोच आम्ही मोठा केला. डेल्मर! कुठे आहेस? झाडामागून बाहेर ये!"

मी बाहेर आलो. टाळ्या पडल्या. टॅबीचं तोंड उघडं राहिलं होतं. तिनं मला अंडं उकडतानासुद्धा कधी पाहिलेलं नाही. मिस व्हर्नेलनं मागे वळून मोठ्यानं विचारलं, "अगं बाई, अर्लीन! तुझा जावई केक करतो? तरीच तू करणं सोडलंस!"

सासूबाई डोंगराकडे बघत होत्या. मग त्या गर्दीतून चालत पुढे आल्या. लोकांनी वाट दिली. त्यांनी हातमोजा काढला आणि एका ओघळावरून बोट फिरवलं. बोट डावीकडे वळलं. त्या डोंगराच्या कडेकडेनं उत्तरेकडे गेल्या. मी मागोमाग गेलो. वासरू खाटकामागे जातं तसा.

"डेल्मर."

"हो, मिस अर्लीन."

"हा डोंगर माझ्या ओळखीचा आहे."

"हो, मिस अर्लीन."

"डुकरांपुढे काय टाकलं होतं मग होरेसनं?"

"माझं मॉडेल. प्लास्टरचं. पडवीत अदलाबदल झाली."

त्यांनी डोळे मिटले आणि उघडले. "आणि माझा केक शेगडीपाशी?"

"मी सरकवला. वीतभर. माझी फळी ठेवायला."

पलीकडे पहिला चेंडू पाण्यात पडल्याचा आवाज आला. मग त्यांनी खालच्या गुहेकडे बोट केलं.

"हे काय आहे?"

"सातव्या खड्ड्याचं भुयार."

"भुयार नाही. इथून कुणीतरी खाल्लंय."

"एफ्राइननं. सळईवाल्यांचा मुकादम."

"आणि ते वरचं?"

"तेही त्यानंच. दुसऱ्या दिवशी."

"म्हणजे परत आला?"

"तिसऱ्या दिवशीही आला होता. शेवटी बकनं केकवर पिंजरा घातला."

सासूबाईंनी मान वर करून डोंगर पायथ्यापासून तोंडापर्यंत पाहिला. हॅट मागे कलली, ती त्यांनी धरली. मग त्यांनी हातमोजा पुन्हा चढवला, परत फिरल्या, मिस्टर लाम्ब्रोसपाशी गेल्या आणि त्यांच्या हातातून माइक काढून घेतला.

"हा केक माझा आहे," त्या म्हणाल्या. "याला अंडं फोडता येत नाही. विचारा माझ्या मुलीला."

"खरं आहे," टॅबी म्हणाली. (ती माझी बायको आहे हे मी पुन्हा एकदा सांगतो.)

मिस व्हर्नेल पुढे सरकली. तिचा चेहरा उजळला होता. "पण अर्लीन, हा तर कोसळलेला आहे! मधोमध खचलाय! तुझा केक आणि खचलेला?"

मिस्टर होरेसनी टोपी काढून छातीशी धरली. मला वाटलं, चाळीस वर्षं इथे संपली आणि मी संपवली.

सासूबाईंनी मिस व्हर्नेलकडे फार दयेनं बघितलं.

"व्हर्नेल," त्या माइकमध्ये म्हणाल्या, "ज्वालामुखी आहे तो. मधोमध खचलेला नसेल तर आग कुठून येईल? सरळ केक तर काय, कुणीही करतं. तू तो नारळाचा करतेसच की."

एफ्राइननं सर्वांत आधी टाळी वाजवली. मग पाद्रीबाबांनी. मग सगळ्यांनी. मिस्टर लाम्ब्रोस सासूबाईंचा हात हातात घेऊन आपल्या बेटाविषयी सांगू लागले आणि बक माझ्याजवळ येऊन कुजबुजला, "म्हणजे तू केक नाही केलास?"

"नाही."

"मला वाटलंच होतं," बक म्हणाला. त्याला तसं काहीही वाटलं नव्हतं.

जाताना सासूबाई माझ्यासमोर थांबल्या. माझ्या कॉलरवरचा रंगाचा ठिपका त्यांनी नखानं खरवडून काढला.

"देव तुझं भलं करो, बाळा," त्या म्हणाल्या. पण या खेपेला त्यांना मध्येच हसू फुटलं.

घरी गेल्यागेल्या त्यांनी सासऱ्यांना माळ्यावर चढवून पत्रे काढायला लावले. ईस्टरच्या दिवशी टेबलावर केक आला. टोपीच्या खोक्याएवढा, ओळंब्यात सरळ. सासऱ्यांनी प्रार्थनेला इतका वेळ डोकं खाली ठेवलं की टॅबीनं त्यांना कोपरानं ढोसलं. सासूबाईंनी केक कापला. माझ्या बशीत जो तुकडा पडला, तो उभा राहिला. मी त्याच्याकडे बघत बसलो. खावासा वाटेना.

"खा," सासूबाई म्हणाल्या. "आणि पुन्हा माझ्या टेबलावरची एखादी वस्तू हलवलीस, तर उत्तरेच्या गुहेत झोपायला जायचं."

धंदा आता बरा चाललाय. मिस्टर लाम्ब्रोसना दुसरं मैदान करायचं आहे. बक परवा आमच्या घरी येऊन टोपी काढून स्वयंपाकघरात उभा राहिला आणि पुढच्या मॉडेलविषयी बोलला. सासूबाईंशी. मी मध्ये दोन-तीनदा तोंड उघडलं होतं. शेवटी बक म्हणाला, "डेल्मर, तू फक्त उचलून आणायचं काम कर. आणि उचलायच्या आधी कागद वर करून बघ."

संध्याकाळी मी जरा खट्टू होऊन मागच्या अंगणात गेलो. कुंपणापाशी मिस्टर होरेस उभे होते. मी त्यांच्या शेजारी उभा राहिलो. डुकरांच्या चिखलात मधोमध माझं मॉडेल अजून पडलेलं होतं. टोक गेलं होतं, रंग उडाला होता. दात पडलेली मोठी डुकरीण त्याला पाठ लावून डोळे मिटून मजेत घासत होती. बाकीची दोन डुकरं आपली पाळी यायची वाट बघत होती आणि मधूनमधून एकमेकांना ढकलत होती.

"फार आवडलंय त्यांना," सासरे म्हणाले.

मला बरं वाटलं. माझं काम कुणाला तरी आवडलं होतं.

"अजून दोन करून दे," ते म्हणाले. "भांडणं होतात. आणि टोक नको काढूस या खेपेला. त्यांना बोचतं."